घरची मजुरी

३० मे

मांद्र्याचा सर्वेश आज सकाळी मुळगावात आला. त्याचे तिकडे किनाऱ्याजवळ गेस्टहाऊस आहे. गेल्या वर्षी मी पहिल्यांदाच वासाचे भात केले, त्यातले थोडे तांदूळ त्याला चाखायला दिले होते. म्हणाला, "सगुणबाब, तुमचे तांदूळ शिजत होते तेव्हा पाहुणे स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभे राहिले. यंदा होईल तेवढं सगळं मला द्या." भाव साध्या तांदळाच्या तिप्पट. अट एकच, वास गेल्या वर्षीसारखाच हवा.

हे ऐकायला कृष्णनाथ हवा होता. माझा चुलतभाऊ, शेजारचेच शेत त्याचे. वर्षभर मला हसतो आहे. "वासाचं भात पिकतं निम्मं. वासाने पोट भरतं काय रे?" त्याला हिशेब कळत नाही. पीक कमी येते हे खरे, पण भाव तिप्पट आणि खताचा खर्च जवळजवळ नाहीच. शेतकी केंद्रवाल्यांनी सांगितले तसे मी सगळे मिळून मिसळून करतो. शेणखत, गांडूळखत, धैंचा पेरून तो हिरवाच चिखलात गाडायचा, आणि वरून रासायनिक खत नेहमीच्या निम्म्याहून कमी. शेण गोठ्यात असतेच. गांडूळखत मागच्या खड्ड्यात होत राहते. धैंचाही परवाच पेरून झाला. पैसा लागतो कुठे?

खाण बंद पडल्यावर गावाने मला मोडीत काढले होते. आता बघा म्हणावे.

८ जून

डोके फिरले आहे, म्हणून लिहायला बसलो.

प्रिया नावाची एक मुलगी आली होती. शेतकीचे मोठे शिक्षण घेते आहे, वासाचे भात परवडते का यावर तिचा अभ्यास. मी तिला बसायला कदेल दिली, बायकोने, देवकीने, कोकम सरबत दिले. बियाणे, नांगरणी, खत, सगळे मी घडाघडा सांगितले. मग ती म्हणाली, "काका, घरच्या माणसांची मजुरी किती धरू?"

मी म्हणालो, "घरच्यांची कसली मजुरी? शून्य लिही."

"शून्य नाही लिहिता येत. गांडूळखत कोण करतं?"

"होतं ते."

तिने वही मिटली आणि थेट मागच्या अंगणात गेली. देवकी गाईपुढे गवत टाकत होती. दोघी बराच वेळ बोलत होत्या. मी सोप्यावर बसून होतो. परत आली तेव्हा तिचा चेहरा साधाच होता, पण बोलली ते असे, की शेण काढणे, पाला गोळा करणे, खड्ड्याला पाणी मारणे, खत चाळणे, डोक्यावरून शेतात नेणे, धैंचा पेरणे, तण काढणे, हे सगळे बाजारभावाने धरले तर माझा नफा नावालाच उरतो. "भात परवडतं काका, पण ते काकींच्या फुकटच्या कामावर परवडतं."

सव्वीस वर्षे मी खाणीवर टाइमकीपर होतो. कोणी किती तास भरले हे माझ्या नजरेतून कधी सुटले नाही. आणि ही कालची पोर मला हजेरी शिकवते. घरच्या बाईला मजुरी द्यायची तर मग तिने जेवणाचे बिल लावावे, मी छपराचे भाडे लावतो. हे मी बोलूनही दाखवले. ती मुलगी पिशवी उचलून निघाली. ती गेल्यावर देवकीने ग्लास विसळायला नेले.

१५ जून

पेज वाढताना देवकीने विचारले, "त्या मुलीने माझी मजुरी किती धरली?"

"तुला काय करायचं आहे?"

"विचारलं."

सांगितला आकडा. तिने "हूं" केले आणि लोणच्याची बरणी पुढे सरकवली. चला, विषय संपला एकदाचा. बायकांच्या डोक्यात बाहेरचे कोणी काही भरवते आणि चार दिवस घर बिघडते, पण देवकी समजूतदार आहे.

२४ जून

समजूतदार म्हणून मीच लिहिले होते वर.

आज सकाळी ती डोक्याला फडके बांधून निघाली. मला वाटले, आपल्या शेतात निघाली. दहा वाजता शेतावर गेलो तर कोणी नाही. पलीकडे मालतीच्या वाफ्यात चार बायका वाकलेल्या, त्यात एक आमची. मालती म्हणजे वरच्या आळीतली विधवा बाई, मुलगा मुरगावला बंदरात कामाला. तिच्या शेतात माझी बायको रोजावर!

संध्याकाळी विचारले, "मालतीकडे मजुरीला गेलीस?"

"हो."

"आपलं शेत सोडून?"

"तिथे देतात."

एवढेच. पुढे मी काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. तिने ऐकून घेतले आणि नुस्ते तळायला घेतले. तव्यावर बांगडा टाकल्यावर माझा आवाज मलाच ऐकू येईना.

गावात लोक काय म्हणतील याचा तिला जरा तरी विचार आहे का? पोटाला कमी पडते म्हणून बायकोला रोजावर पाठवतो असे म्हणतील. कृष्णनाथ तर म्हणेलच.

४ जुलै

धैंचा कमरेच्या वर गेला आहे. खोड लाकडासारखे झाले. तो वेळेत गाडायला हवा होता, पण मला कोणी सांगितलेच नाही. गेल्या वर्षी तो आपोआप गाडला गेला होता. म्हणजे देवकीने माणसे लावून गाडला असणार. आज ट्रॅक्टरवाल्याने नाक मुरडले, पाती फिरवून अर्धवट चिखलात दाबून गेला. काड्या वर निघाल्या आहेत, चालताना पोटऱ्यांना टोचतात.

खताच्या खड्ड्याचे काय झाले ते बघायला गेलो. वरचे झाकण उडालेले. आत पाणी साचलेले आणि मुंग्या. गांडूळ एक दिसेना. बाल्दीने पाणी उपसत होतो तर देवकी मागच्या दारात येऊन उभी राहिली.

"खड्ड्याकडे बघायला काय झालं होतं तुला?" मी म्हणालो.

"मी बघितलं. गांडुळं आधीच काढून घेतली."

"कुठे?"

"मालतीच्या गोठ्यामागे नवा खड्डा केला."

माझ्या गोठ्यातले शेण आणि माझी गांडुळे मालतीच्या गोठ्यामागे. मी म्हणालो, "गाय माझी आहे." ती म्हणाली, "गाय माझ्या माहेरची आहे." हे खरे असल्यामुळे मला अधिकच राग आला.

१३ जुलै

लावणी झाली. बेळगावकडची मंगल आणि तिच्या सोबतच्या बायका आणल्या. काय भाव चढवलेत त्यांनी! मंगल चिखलात उभी राहून हसत म्हणाली, "दादा, मागच्या साली वहिनी होत्या आमच्या पुढं. त्यांच्या हाताला हात लावायला आमाला धावावं लागायचं." मी म्हटले, बोलू नको, लाव.

रोपे बरीच उरली. मेरेवर, बांधाच्या कडेला, टाकून दिली.

खत घातलेच नाही, कारण ते नव्हतेच. पण मी काही हातपाय गाळून बसणारा नाही. बाजारातून युरियाच्या गोणी आणल्या. केंद्रवाले म्हणतात जास्त घालू नका, भात लोळते. ते सरकारी लोक, त्यांना सगळ्याचीच भीती. शेणखताची कसर भरून काढायची तर दुसरे काय घालू? कृष्णनाथने गोणी बघितल्या, पण नवल म्हणजे हसला नाही. "मालाची अट वासाची आहे ना रे?" एवढेच म्हणाला. तुला काय करायचे आहे, तू तुझे साधे भात बघ.

९ ऑगस्ट

असे भात या खोऱ्यात कोणी बघितले नसेल. काळपट हिरवे, माझ्या मांडीपर्यंत, पाती तलवारीसारखी. रस्त्याने जाणारे स्कूटर थांबवून बघतात. पुन्हा एक हात युरियाचा दिला.

प्रिया येऊन गेली. बांधावर उभी राहून पान हातात धरून बघत राहिली. "काका, आता थांबवा. फार झालं. दाणा भरताना हे उभं राहणार नाही." मी तिला म्हणालो, तुझ्या तक्त्यात घरच्या मजुरीच्या जागी आता खरोखर शून्य लिही, यंदा सगळे विकतचे आहे. तिने लिहिले की नाही माहीत नाही. पण जाताना ती वरच्या आळीकडे वळली, रस्ता खरा खालच्या बाजूला आहे.

घरात बोलणे म्हणजे मीठ दे, दार लाव, एवढेच उरले आहे. देवकी सकाळी जाते, दुपारी येते, रांधते, परत जाते. तिला राग आला आहे असेही दिसत नाही. तिने भांडावे तरी. भांडली असती तर मी उत्तर दिले असते.

२८ ऑगस्ट

काल गणपतीची चवथ. मुलगा रुद्रेश तुयेहून आला, त्याची कारखान्यातली रजा दोन दिवसांचीच. गणपतीवर फळांची माटोळी बांधताना सगळे घर गोळा झाले. देवकीने पातोळ्या केल्या, खतखते केले. मला वाटले होते सणाच्या निमित्ताने वाकडेपणा जाईल.

आरती झाल्यावर कृष्णनाथ सगळ्यांसमोर म्हणाला, "सगुण, वहिनीचं भात बघितलंस काय मरे? बेतशीर आलंय."

मी म्हणालो, "कसलं वहिनीचं?"

सगळे माटोळीकडे बघू लागले. म्हणजे सगळ्यांना माहीत होते. रुद्रेशलासुद्धा. मालतीचा वरचा तुकडा देवकीने अर्धेलीने घेतला आहे. मी मेरेवर फेकलेली रोपे उचलून तिथे लावली, आणि आमच्याच गाईचे शेण तिथे घातले.

पाहुणे गेल्यावर म्हणालो, "माझी रोपं चोरलीस."

"फेकली होती तुम्ही. सुकत होती."

"मला विचारायचं होतंस."

"तुम्ही मला कधी काय विचारलं?"

रुद्रेश मध्ये पडला, "बाबा, चवथीला कशाला." मुलगाही तिच्याच बाजूचा. मी दारापुढच्या बाल्कावात जाऊन बसलो. गणपतीपुढे समई जळत होती आणि मला घरात यावेसे वाटेना.

१९ सप्टेंबर

मुद्दाम लांबच्या वाटेने जाऊन तिचे शेत बघितले. हसू आले. माझ्यापेक्षा वीतभर बुटके, फिकट हिरवे, पाती बारीक. लोंब्या बाहेर पडताहेत, पण जोमच नाही. कृष्णनाथला हे बेतशीर वाटते.

वारा आला तेव्हा एक वास आला, गेल्या वर्षीचा. माझ्या शेतात अजून येत नाही. लोंब्या उशिरा पडल्या म्हणून असेल.

१७ ऑक्टोबर

गेले तीन दिवस पाऊस, वर वारा. काल दुपारपासून माझे शेत उभे नाही. कोणी चटई टाकावी तसे सगळे एका बाजूला झोपले आहे. लोंब्या पाण्यात. हात घालून एक मूठ उचलली, तर कडेच्या दाण्यांना कोंब फुटायला लागलेत. वरच्या काळ्या हिरव्या पात्यांनी दगा दिला.

कोणाला शिव्या घालू? पावसाला घातल्या. युरियाच्या दुकानदाराला घातल्या. त्या प्रियाला घातल्या, कारण ती खरी ठरली. एक क्षण असेही वाटले की मलाच घालाव्यात, पण तसे कसे म्हणणार? खत नव्हते म्हणून युरिया घातला. खत का नव्हते? तिने दिले नाही म्हणून. याच्यापुढे माझे डोके जात नाही.

देवकीचे भात वाकले आहे, पडलेले नाही.

१९ ऑक्टोबर

सर्वेश आला. माझ्या शेताच्या कडेला उभा राहिला, दाणे चोळून नाकाशी नेले आणि टाकून दिले. "सगुणबाब, हे मी नाही घेऊ शकत." मी त्याला बोललो की शब्द दिला होतास, तुम्ही किनाऱ्यावरची माणसे शब्दाची नाहीच. तो शांतपणे म्हणाला, "अट वासाची होती."

मग परत जाताना वरच्या आळीच्या वळणावर थांबला. वारा तिकडूनच होता. "हे कोणाचं?"

माझ्या तोंडातून निघाले, "आमचंच."

तो खूश झाला. खिशातून नोटा काढून माझ्या हातात कोंबल्या, विसार म्हणून. मी घेतल्या.

खोटे काय बोललो? बायकोचे ते नवऱ्याचे नाही तर कोणाचे? देवाब्राह्मणांसमोर लग्न झाले आहे. तरी पैसे कपाटात ठेवताना मी आधी दार लोटून घेतले, हेही खरे.

२१ ऑक्टोबर

सर्वेशचा माणूस टेंपोतून रिकामी पोती टाकून गेला. मी घरी नव्हतो. आलो तर देवकी पोत्यांच्या ढिगाशेजारी उभी.

"ही कसली?"

सांगावे लागले. तिने पूर्ण ऐकले. मी बोलता बोलता आवाज चढवला, तो तसाच वर राहिला, कारण ती खाली उतरवायला मदत करीना.

"माझं भात विकायला तुम्हाला कोणी सांगितलं?"

"माझं माझं काय लावलंयस? आपलं म्हणायला जीभ झडते?"

"तीस वर्षं आपलंच म्हणत होते," ती म्हणाली. "शेत आपलं, शेण आपलं, आणि पैसे तुमचे."

मी म्हणालो, तुला कधी उपाशी ठेवली? कधी लुगडे कमी केले? ती म्हणाली, "गाईलाही ठेवलं नाही." मग म्हणाली, "मी कापणार नाही. विसार परत जाऊन भात कोणाचं ते त्याला कळेपर्यंत एक पेंडीही नाही."

"पुन्हा पाऊस सांगितलाय. हातचं जाईल."

"जाऊ दे."

ती म्हणाली तशी ती वागेल हे मला आज कळले. इतकी वर्षे ते कळण्याची वेळच आली नव्हती. मालतीचा अर्धा वाटा, तिची स्वतःची चार महिन्यांची मेहनत, सगळे ती चिखलात जाऊ देईल. आणि गाव म्हणेल, सगुणने घालवले.

२२ ऑक्टोबर

मांद्र्याला जाऊन आलो. स्कूटरवर सबंध वाट मी काय बोलायचे ते ठरवत होतो आणि पोचल्यावर त्यातले एकही वाक्य बोललो नाही.

सर्वेश पाहुण्यांच्या मेजांमधून फिरत होता. गोरे लोक उंडे पाव आणि अंडी खात बसले होते. मी त्याला बाजूला घेतले आणि पैसे दिले. "ते शेत माझं नाही. देवकीचं आहे. भाव तिच्याशी ठरव."

तो म्हणाला, "म्हणजे तुमचंच ना?"

"नाही."

"पण सगळं बघता तुम्हीच?"

"नाही. मी काही बघितलं नाही."

एकच गोष्ट माणसाला किती वेळा बोलायला लावतात. त्याच्या चेहऱ्यावरचे हसू मला पायातल्या वहाणेने पुसावेसे वाटले. तो म्हणाला, "मग काकींचा नंबर द्या." मी मोबाईल पुढे केला. त्याने स्वतःच शोधायला सुरुवात केली. "देवकी नावाने दिसत नाही."

तिचा नंबर 'घर' या नावाने आहे. तो मी काढून दिला. त्याने त्याच्या मोबाईलमध्ये लिहून घेतला, देवकी, वासाचं भात, मुळगाव. मी उभा राहून बघितले.

घरी आलो तोवर त्यांचे बोलणे झालेही होते. तिने भाव वाढवून घेतला. मी पाच महिने हा भाव मिरवत होतो, मला वाढवून मागायचे सुचलेही नव्हते. तिने ते मला सांगितले नाही, मालतीला सांगत होती, ते मी उघड्या जनेलातून ऐकले.

२४ ऑक्टोबर

कापणीला माणसे मिळत नाहीत. पाऊस दोन दिवस थांबला आहे म्हणून सगळ्या खोऱ्याने एकदमच कोयते काढलेत. मंगल एकटी आली. मालतीच्या गुडघ्याने दगा दिला. देवकी आणि मंगल दोघीच पहाटेपासून वाकलेल्या. मी बांधावर उभा राहून बघत होतो, ढगही बघत होतो.

माझे शेत म्हणजे आता गुरांचा चारा. थोडे घरी खायला निघेल, त्याला वास नसेल.

रागारागातच घरी गेलो, कोयता घेतला आणि येऊन तिसऱ्या ओळीला लागलो. देवकीने वर बघितले. थोड्या वेळाने म्हणाली, "बुडाजवळून कापा. पेंढा वाया जातो." मी बुडाजवळून कापले. कंबर मोडली. भाताचा वास असा होता की राग धरून ठेवायला कष्ट पडत होते, पण मी धरला.

संध्याकाळी तिने पदराच्या गाठीतून पैसे काढले. मंगलला दिले. मग तेवढेच माझ्यासमोर धरले.

"हे काय?"

"रोज."

"मला?"

"काम केलंत ना."

मंगल पलीकडे तोंड वळवून पाय धुऊ लागली. मी म्हणालो, मला नको. देवकीचा हात तसाच पुढे. तिच्या बोटांच्या चिरांमध्ये चिखल होता, तो तिथे नेहमीच असतो. "घ्या," ती म्हणाली. "नाहीतर उद्या मला तुम्हाला बोलावता येणार नाही."

घेतले. कपाटात ठेवले नाहीत. ते कशाचे म्हणून ठेवावेत ते कळेना, सदऱ्याच्या खिशातच आहेत. संताप अजून गेलेला नाही. कोणावर आहे ते मात्र आज नीट सांगता येणार नाही.

वरचा अर्धा तुकडा उरला आहे. जेवताना मी विचारले, "उद्या किती वाजता यायचं?"

"सातला," देवकी म्हणाली. "चहा घरी करून पिऊन या. मी आणि मंगल सहालाच जातो."